चार आत, तीन बाहेर

१

एसी तपासायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी कान, मग नाक, मग हात, आणि मीटर सगळ्यात शेवटी. मुंबईला बर्फाच्या फॅक्टरीत हे शिकलो आणि इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये सव्वीस वर्षं त्यावरच पोट भरलं. इथले नवे मेकॅनिक आधी मीटर काढतात आणि मग दिवसभर डोकं खाजवत बसतात. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. गॅसच्या लीकवर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी भाबडा समजू नये.

गोष्ट पंचाण्णवच्या ऑगस्टमधली. त्या वर्षी इंग्लंडला ऊन म्हणजे काय ते कळलं. लॉन जळून पिवळी पडली, बागेत पाणी घालायला बंदी आली, आणि ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोल्ड स्टोअर्सचे फोन मला सकाळी सहापासून यायला लागले. सोमवारी दुपारी त्यातच आयझॅकचा फोन आला.

आयझॅक किहीमकर माझा पंचवीस वर्षांचा दोस्त. बेने इस्रायल ज्यू, अलिबागकडचा, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. रिटायर झाल्यावर त्यानं मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सार्जंटकडून जुनी मोटरहोम घेतली होती. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, सिंक, आणि छपरावर एसी. दाराच्या चौकटीवर त्यानं मेझुझा ठोकला, म्हणजे त्यांची प्रार्थनेची छोटी डबी. जाता-येता तिला बोटं लावून ओठांना लावायचा. मी म्हणायचो, "अरे, दर वर्षी तपासणीत नापास होते ही गाडी, देव तरी कुठे कुठे बघणार?"

त्या सोमवारी चिडवायची सोय नव्हती. जेमिमावहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, हृदय थकलं होतं. हॉस्पिटलनं हात टेकून घरी पाठवलं होतं. वरची बेडरूम तापलेल्या तव्यासारखी, म्हणून वहिनी ड्राइव्हवेमध्ये उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये झोपत होत्या. एकुलती एक मुलगी बथशेबा ब्रिस्टलच्या विमान कंपनीत इंजिनियर, कामासाठी कॅनडात कुठेतरी लांब गेलेली. तिला तिकीट मिळालं होतं ते गुरुवारी सकाळी हीथ्रोला पोचणारं.

"डॉक्टर म्हणाला, उकाडा झाला तर दोन दिवससुद्धा नाही," आयझॅक म्हणाला. "आणि एसी मध्येच दम टाकतोय. शशी, गुरुवारपर्यंत चालव. माझं दुसरं काही मागणं नाही."

२

"शशीभाऊजी, बूट बाहेर काढा हं," वहिनी पडल्या पडल्या म्हणाल्या. "मी आजारी आहे, मेलेली नाही."

गाडीत विक्सचा आणि वेलचीचा वास होता. वहिनींना चहा वेलची घातल्याशिवाय चालत नसे आणि विक्सशिवाय झोप येत नसे. पलंग मागच्या बाजूला, आणि एसी बरोबर त्याच्या वर. मध्ये मोठी जाळी, तिथून खोलीतली हवा वर ओढली जाते. दोन्ही टोकांना दोन झडपा, तिथून थंड होऊन परत खाली येते. एवढंच असतं ते यंत्र.

अमेरिकन माल एकशे दहा व्होल्टचा, म्हणून आयझॅकनं बिल्डर लोक वापरतात तो पिवळा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावला होता. तो तापत होता, पण ठीक होता. वर पंखा फिरत होता, कॉम्प्रेसर मात्र नुसता गुरगुरून बंद पडत होता. कानानंच सांगितलं, कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला. बघितलं तर फुगलेला. व्हॅनमध्ये त्या मापाचा होता, तो बसवला. दहा मिनिटांत थंड हवा यायला लागली. आयझॅकच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अरे रडतोस काय, कपॅसिटर आहे, कोहिनूर नाही."

शेवटी सवयीनं टिश्यूची चाचणी केली. कागदाचा पातळ रुमाल मधल्या जाळीला लावायचा. हवा ओढली जात असेल तर चिकटून राहतो. राहिला. मग मी बटण बंद केलं. पंखा थांबला, आवाज थांबला, टिश्यू पडला. आता हत्यारं आवरायची.

मी तो टिश्यू उचलून पुन्हा जाळीपाशी धरला, का कुणास ठाऊक. तो जाळीला चिकटला. थोड्या वेळानं सुटला, माझ्या बोटांकडे फुगून आला. पुन्हा चिकटला.

छपरावर वारा असेल, मी स्वतःला म्हटलं. खिडकीतून शेजाऱ्याचं झाड दिसत होतं. त्याचं पानसुद्धा हलत नव्हतं.

३

शिडी लावून मी वर गेलो. प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. पंखा स्थिर. पात्यांवर वीस वर्षांची धूळ आणि एक वाळकं पान. आतल्या कॉइलचं झाकण उघडलं, की खोलीतली हवा वर येते ते भोक दिसतं. त्यावर हात धरला. हवा माझ्या हातावरून वर जात होती आणि थांबून, परत खाली येत होती. गारही नव्हती, गरमही नव्हती. तिची ऊब माणसाच्या अंगाची होती. ती मला ओळखीची वाटली आणि आवडली नाही.

हवा कुठल्या फटीतून येते ते शोधायचं तर मेकॅनिक काय करतो? रस्ता बंद करून बघतो. मी पुठ्ठा घेतला आणि भोकावर घट्ट दाबून धरला.

खालून आयझॅकची हाक आली. "शशी! जेमू श्वास घेत नाहीये!"

मी पुठ्ठा काढला. खाली एक लांब घरघर ऐकू आली, मग खोकला, मग आयझॅक देवाचं नाव घेताना.

आता जे सांगतो ते मी बायकोलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. एकदा झालेल्या गोष्टीला मेकॅनिक बिघाड म्हणत नाही, दोनदा झाली तर म्हणतो. ही माझी सवय, सव्वीस वर्षांची. मी पुन्हा पुठ्ठा ठेवला. दोन सेकंद. फार तर तीन.

खाली आयझॅक रडायला लागला तेव्हा मी तो उचलला. माझी मला लाज वाटली, इतकी की मी बराच वेळ त्या तापलेल्या छपरावर बसून राहिलो. खाली आलो तर वहिनींचे ओठ जांभळे होते. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी तोंडावर उशी ठेवल्यासारखं वाटलं हो."

४

मंगळवारी मी कामावर गेलोच नाही. माझी बायको वैजयंती म्हणाली, "अहो, त्यांची नर्स येते ना? तुम्ही तिथे बसून काय करणार?" मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर तापतोय, त्याच्याकडे बघायला कुणीतरी हवं. ते खोटं नव्हतं.

वहिनी झोपल्या होत्या. मी जाळीला टिश्यू चिकटपट्टीनं वरच्या कडेला लावला, एसी बंद केला आणि स्टुलावर बसून घड्याळ काढलं. टिश्यू जाळीला चिकटला की वहिनींची छाती खाली जायची. सुटला की वर यायची. यंत्र घेत होतं तेव्हा त्या सोडत होत्या, यंत्र देत होतं तेव्हा त्या घेत होत्या. एकदाही चुकलं नाही. यंत्राचे चार सेकंद आत, तीन सेकंद बाहेर. मी अर्धा तास मोजलं. चार आत, तीन बाहेर. दर वेळी एक सेकंद तिकडेच राहत होता.

आजारी माणूस तसाच श्वास घेतो, मी मनाला समजावलं. बंद गाडीत छाती हलली की हवाही हलते. पण चाळीस किलोच्या बाईच्या श्वासानं हातभर लांबचा टिश्यू जाळीला चिकटत नाही, हे मला माहीत होतं. मला हे कळायचे पैसे मिळतात.

"आयझॅक, यांना घरात ने," मी म्हटलं. "पंखे लावू, बर्फ आणतो मी. इथे ठेवू नकोस."

"का?"

काय सांगणार होतो? "ट्रान्सफॉर्मरचा भरवसा नाही," म्हटलं.

आम्ही दोघांनी त्यांना चादरीत उचललं. वजन म्हणून नव्हतंच. दारापर्यंत नीट होत्या, आयझॅकला म्हणत होत्या, "तुझी कंबर सांभाळ." दारात आयझॅकनं एक हात मोकळा करून मेझुझाला लावला, आणि वहिनींचं डोकं चौकटीबाहेर गेलं. वाक्य अर्ध्यावर तुटलं. तोंड उघडं, डोळे उघडे, छाती दगडासारखी. पलंगावर परत ठेवलं तेव्हा टिश्यू सुटला आणि त्यांनी श्वास घेतला.

ॲम्ब्युलन्स बोलवू, असं मी म्हटलं. "बोलव," आयझॅक म्हणाला. "पण तेसुद्धा याच दारातून नेतील ना रे?"

मी फोनपर्यंत जाऊन परत आलो.

५

बुधवारी पहाटे मला उपाय सुचला, आणि मला वाटलं आपण जिंकलो.

आमच्याकडे मुंबईत एक गोष्ट करायचे. थर्मोस्टॅट बिघडला, बटण बिघडलं, पार्ट मिळत नाही, गिऱ्हाईक बोंबलतंय, तर मेकॅनिक मधलं सगळं काढून टाकायचा आणि मोटरला थेट वायर जोडून द्यायचा. याला म्हणायचे डायरेक्ट करणं. मग ते यंत्र थांबत नाही, कमी-जास्त होत नाही, नुसतं चालत राहतं. इथल्या कुठल्याही इंजिनियरनं हे बघितलं तर माझं लायसन्स काढून घेईल. तो असं कधी करणारच नाही. मी केलं.

माझा हिशोब सरळ होता. ते जे काही आहे, ते आत-बाहेर करतं आणि त्यात एक सेकंद खातं. पंखा सतत फिरता ठेवला तर हवा एकाच दिशेनं वाहत राहील, जाळीतून वर, झडपांतून खाली. त्याला घ्यायला सवडच मिळणार नाही. मी बटण काढलं, थर्मोस्टॅट काढला, तीन वायरी पिळून टेप गुंडाळली. ट्रान्सफॉर्मरवर घरातला टेबलफॅन रोखून ठेवला.

नऊ वाजता वहिनी उठून बसल्या. खरंच बसल्या, उशीला टेकून. "आज छातीवरचा धोंडा उतरला बघा," म्हणाल्या. चहा मागितला. कप स्वतः धरला. मग आयझॅकला हुकूम सोडला, "फ्रीझरमधली पापलेटं काढून ठेव. बथूला नारळाच्या रसातलं कालवण लागतं. तिकडे काय खात असेल पोर, सँडविच?"

आयझॅकनं मला मिठी मारली. माझ्या कानात म्हणाला, "उद्या सकाळपर्यंतच, शशी." मी म्हटलं, "उद्या कशाला, ख्रिसमसपर्यंत चालेल." एवढा खूश मी त्या उन्हाळ्यात कधी झालो नव्हतो.

६

दुपारी दोनच्या सुमाराला मी सवयीनं आत गेलो. वहिनींचा डोळा लागला होता, आयझॅक शेजारी बसून पेपरनं वारा घालत होता. खरं तर वारा घालायची गरज नव्हती. पण गाडीत मला उकडलं.

जाळीवरचा टिश्यू ताणून चिकटलेला होता. बरोबर. मी दुसरा टिश्यू घेतला आणि डाव्या झडपेखाली धरला. तिथून हवा बाहेर यायला हवी, टिश्यू उडायला हवा. तो वर जाऊन झडपेला चिकटला.

उजव्या झडपेखाली धरला. तिथेही चिकटला.

मी तीन वेळा बघितलं. हवा आत जाते तेवढी बाहेर आली पाहिजे, यात कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही देशाचं यंत्र अपवाद नाही. हे यंत्र तिन्हीकडून ओढत होतं आणि कुठूनच देत नव्हतं. आत-बाहेर करणाऱ्या गोष्टीला मी एकाच दिशेला बांधून टाकलं होतं, आणि दिशा कुठली ते मी विचारलं नव्हतं.

वहिनींची छाती खाली चालली होती. हळूहळू, न थांबता, आणखी खाली. चेहऱ्यावर त्रास काहीच नव्हता. आयझॅकला वाटत होतं त्या गाढ झोपल्यात.

माझा हात भिंतीवर बटण शोधायला गेला. तिथे मोकळं भोक होतं. बटण माझ्याच खिशात होतं.

मी बाहेर धावलो आणि प्लग उपटला. पंख्याचा आवाज मंदावत गेला आणि बंद झाला. मग आत जायचं सोडून मी शिडी का चढलो ते मला सांगता येत नाही. मला वाटलं असेल, वरून उघडलं तर रस्ता मोकळा होईल. कव्हर फेकलं, झाकण उचललं. पंखा थांबलेला होता. पात्यावर ते वाळकं पान तसंच होतं, दोन दिवस पंखा फिरूनही न हललेलं.

आणि कॉइलच्या चमकत्या पत्र्यावर एक वाफेचा डाग होता. आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडला की येतो तेवढा. मी बघत असताना तो पुसला गेला. आणि पुन्हा आला, पत्र्याच्या आतल्या बाजूनं.

तेहतीस डिग्री उन्हात कुणाच्या श्वासाची वाफ दिसत नाही.

खालून आयझॅक ओरडला नाही. नुसतं "जेमू" म्हणाला, दोनदा.

७

गुरुवारी बथशेबा घरी पोचली तेव्हा बाप घरात जमिनीवर बसला होता आणि सिंकमध्ये पापलेटं वितळून पडली होती. ती मीच बाहेर नेऊन टाकली. डॉक्टरनं हृदय लिहिलं. बरोबरच होतं. त्या जाणारच होत्या, सगळे म्हणत होते. मला पाहिजे होतं ते फक्त गुरुवारपर्यंत, आणि माझ्या उपायानं बुधवारी दुपारी संपवलं. आयझॅकनं मला जवळ घेऊन म्हटलं, "तू होतास म्हणून सकाळी चहा तरी प्यायली."

त्यांच्यात शोकाचे सात दिवस घरी बसायचं असतं. पाचव्या दिवशी आयझॅक म्हणाला, "शशी, तो एसी काढून टाक. गाडी देऊन टाकतो. बथू रोज दुपारी तिथे जाऊन पडते, मला बघवत नाही."

मी पक्कड घेऊन गेलो. दारात पहिल्यांदाच माझा हात मेझुझाकडे गेला, तो मी मागे घेतला. बथशेबा आईच्या पलंगावर उताणी पडली होती, काळ्या स्कर्टमध्ये, डोळे वर जाळीकडे. तीस वर्षांची बाई, पण त्या पलंगावर लहान दिसत होती.

"काका, तू ते कट नको करू," ती म्हणाली. "प्लीज. इकडे ये. स्मेल येतो तुला?"

मी वाकलो. झडपेतून हवा माझ्या चेहऱ्यावर आली. विक्स आणि वेलची.

"मम्मीची श्वास आहे ते," बथशेबा म्हणाली. तिचं मराठी असंच, स्लाऊच्या शाळेतलं. "मी इथे नव्हती. मी लेट झाली. तर ती माझ्यासाठी ठेवली आहे. आय नो हाऊ इट साउंड्स, काका. मी इंजिनियर आहे. पण मला इथे बरं वाटते. बाहेर गेली की चेस्टमध्ये टाइट होते."

"किती टाइट?" मी विचारलं.

"आज दारापर्यंत गेली ना, तर चक्कर आली." ती हसली. आईसारखी. "जेट लॅग असेल."

माझ्या एका हातात पक्कड होती. वर त्या तीन पिळलेल्या वायरी होत्या. एक कट, आणि मग काय होईल, ते मला माहीत नव्हतं. पुठ्ठा ठेवला तेव्हा काय झालं होतं, ते माहीत होतं. मी पक्कड खिशात टाकली. दुसऱ्या खिशातून टिश्यू काढला आणि जाळीला लावला.

तो चिकटला. बथशेबाची छाती खाली गेली.

बाहेरून आयझॅकनं विचारलं, "झालं का रे काढून?"

"नाही," मी म्हटलं. "राहू दे. चालू राहू दे."

"अरे, चालू कसला?" आयझॅक म्हणाला. "प्लगची वायर मी बुधवारीच गुंडाळून शेडमध्ये ठेवली."

मी मोजत होतो, आणि मध्ये बोललं की आकडा चुकतो.